पुरावा कोणाच्या हाती? राज्यशास्त्र, वित्त आणि जैववैद्यकीय अभियांत्रिकीतील पदव्युत्तर संशोधन

भारतीय विद्यापीठांत पीएच.डी.चे नियम सर्व विद्याशाखांना जवळजवळ सारखेच लागू होतात. प्रवेशपरीक्षा, कोर्सवर्क, संशोधन सल्लागार समिती, सहामाही अहवाल, सिनॉप्सिस, प्रबंध आणि शेवटी खुली मौखिक परीक्षा असा हा क्रम आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या विनियमांनुसार पीएच.डी.साठी किमान तीन आणि सर्वसाधारणपणे कमाल सहा वर्षे मिळतात. राज्यशास्त्राचा विद्यार्थी, वित्तशास्त्राचा विद्यार्थी आणि कृत्रिम अवयवांवर काम करणारा अभियंता हे तिघेही याच वाटेने जातात. त्यांचे काम मात्र मुळातच वेगळे असते, कारण प्रत्येकाचा पुरावा वेगळ्या ठिकाणी असतो. राज्यशास्त्राचा पुरावा कागदपत्रांत आणि माणसांच्या बोलण्यात सापडतो, वित्ताचा किमती व ताळेबंदांच्या लांबच लांब मालिकांत, आणि जैववैद्यकीय अभियांत्रिकीचा अखेर जिवंत शरीरात. यांपैकी एकही पुरावा विद्यापीठाच्या मालकीचा नसतो. तो सरकारी दफ्तरांत, शेअर बाजाराच्या संगणकांत, कारखान्यांच्या हिशेबवह्यांत किंवा रुग्णालयात असतो. कोणत्या प्रश्नावर प्रबंध लिहिला जाईल हे विद्यार्थ्याच्या कुतूहलाइतकेच, पुष्कळदा त्याहून अधिक, या पुराव्यापर्यंत पोहोचता येते की नाही यावर ठरते.

संशोधन हे विद्यापीठाचे काम आहे ही कल्पना भारतात उशिरा रुजली. १८५७ मध्ये कलकत्ता, मुंबई आणि मद्रास येथे स्थापन झालेली विद्यापीठे लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर परीक्षा घेऊन पदव्या देत. शिकवण्याचे काम संलग्न महाविद्यालयांकडे होते. १९०४ च्या कायद्याने विद्यापीठांना स्वतः अध्यापन आणि संशोधन करण्याची मुभा दिली. कलकत्त्यात आशुतोष मुखर्जींच्या पुढाकाराने १९१७ मध्ये पदव्युत्तर विभागांची घडी बसली. मुंबईत १९१९ मध्ये अर्थशास्त्र आणि समाजशास्त्राचे स्कूल सुरू झाले, तेथे पॅट्रिक गेडिस आणि पुढे गो. स. घुर्ये यांनी समाजशास्त्राचा पाया घातला. इंग्लंडही याबाबत फार पुढे नव्हते. अमेरिकेत येल विद्यापीठाने १८६१ मध्येच पीएच.डी. दिली होती, ऑक्सफर्डने ही पदवी १९१७ मध्ये स्वीकारली.

या काळात भारतीयाने केलेल्या संशोधनाचे सर्वांत भरीव उदाहरण राज्यकारभार आणि वित्त यांच्या सीमेवरचे आहे, आणि ते महाराष्ट्राचे आहे. सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात गेलेल्या भीमराव आंबेडकरांनी १९१५ मध्ये एम.ए.साठी ईस्ट इंडिया कंपनीचा कारभार आणि वित्तव्यवस्था हा विषय घेतला. त्यानंतरचा त्यांचा मोठा प्रबंध ब्रिटिश भारतातील प्रांतिक वित्तव्यवस्थेच्या उत्क्रांतीवर होता. तो १९२५ मध्ये पुस्तकरूपाने आला, १९२७ मध्ये कोलंबियाने त्यांना पीएच.डी. दिली. दरम्यान लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये त्यांनी एम.एस्सी. पूर्ण केली आणि १९२३ मध्ये रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंधासाठी डी.एस्सी. मिळवली.

प्रांतिक वित्तावरचा प्रबंध आजच्या विद्यार्थ्यानेही पद्धतीसाठी वाचावा असा आहे. १८३३ च्या सनदी कायद्याने साऱ्या भारताचा महसूल आणि खर्च मध्यवर्ती सत्तेच्या हाती एकवटला. पुढे लॉर्ड मेयोच्या काळापासून काही खाती आणि ठराविक रकमा प्रांतांकडे सोपवण्यात आल्या. या बदलांना विकेंद्रीकरण म्हटले जाई. आंबेडकरांनी अंदाजपत्रके, अहवाल आणि कायद्यांची कलमे शेजारी ठेवून दाखवले की महसुलावरचा कायदेशीर हक्क केंद्राकडेच राहिला होता आणि प्रांतांना मिळाले ते सोपवलेले काम होते. हिशेबाच्या पानांतून सत्तेच्या रचनेविषयीचा निष्कर्ष काढण्याचे हे काम राज्यशास्त्राचे की वित्ताचे, हा प्रश्न तिथे निरर्थक ठरतो. लागणारे कागद मात्र मोठ्या प्रमाणात लंडनमध्ये, इंडिया ऑफिसच्या संग्रहात होते. भारताच्या कारभाराचा पुरावा वाचण्यासाठी भारतीय विद्यार्थ्याला समुद्रापार जावे लागत होते.

ही उणीव भरून काढण्याचा एक गंभीर प्रयत्न पुण्यात झाला. १९३० मध्ये भारत सेवक समाजाने, रा. रा. काळे यांच्या देणगीतून, गोखले राज्यशास्त्र व अर्थशास्त्र संस्था उभी केली. नावातच दोन्ही विषय होते. पहिले संचालक धनंजयराव गाडगीळ यांनी केंब्रिजमध्ये भारताच्या औद्योगिक उत्क्रांतीवर प्रबंध लिहिला होता आणि तो १९२४ मध्ये प्रकाशित झाला होता. पुण्यात त्यांनी पाहणीची परंपरा घातली. सरकारी आकडे नसतील किंवा अपुरे असतील तर संशोधकाने गावोगाव, घरोघर जाऊन ते गोळा करावेत, हा त्यांचा आग्रह होता. १९६९ मध्ये भारतीय समाजविज्ञान संशोधन परिषद स्थापन झाली तेव्हा तिचे पहिले अध्यक्ष गाडगीळ आणि पहिले सदस्य-सचिव जे. पी. नाईक होते. १९७१ मध्ये वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांचा भारतातील दारिद्र्यावरचा अभ्यास आला. तो राष्ट्रीय नमुना पाहणीच्या खर्चविषयक आकड्यांवर उभा होता. देशातील दारिद्र्यरेषेविषयीची नंतरची सारी चर्चा या अभ्यासाला वळसा घालून जाऊ शकलेली नाही.

राज्यशास्त्र या नावाने चालणारे विभाग मात्र बराच काळ राज्यघटना, संस्था आणि विचारवंत यांच्यातच रमले. प्रत्यक्ष मतदाराकडे जाण्याची सवय रजनी कोठारी यांनी १९६३ मध्ये दिल्लीत सुरू केलेल्या विकसनशील समाज अध्ययन केंद्राने लावली. १९६७ च्या सार्वत्रिक निवडणुकीपासून तेथे राष्ट्रीय पातळीवरच्या मतदार पाहण्या झाल्या. १९९५ नंतर लोकनीती या कार्यक्रमाने राज्याराज्यांतील अभ्यासकांचे जाळे विणले. पुणे विद्यापीठाच्या राज्यशास्त्र विभागात राजेंद्र व्होरा आणि सुहास पळशीकर यांच्या कामामुळे महाराष्ट्रातील पक्ष, जाती आणि निवडणुका हा नीट पुराव्यानिशी अभ्यासण्याचा विषय झाला.

महाराष्ट्राच्या राजकारणावरचे दोन महत्त्वाचे प्रबंध मात्र अमेरिकन विद्यापीठांत सादर झाले. एलिनॉर झेलियट यांनी १९६९ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात आंबेडकर आणि महार चळवळीवर प्रबंध लिहिला. गेल ऑम्व्हेट यांनी १९७३ मध्ये कॅलिफोर्नियात, बर्कले येथे, पश्चिम भारतातील ब्राह्मणेतर चळवळीवर पीएच.डी. केली. सत्यशोधक समाजाच्या स्थापनेचे १८७३ हे वर्ष त्यांच्या अभ्यासाचा आरंभबिंदू होते. दोघींनी मराठी शिकून घेतली, मराठी छापील साहित्य आणि कार्यकर्त्यांच्या आठवणी यांना अधिकृत दस्तऐवजांच्या बरोबरीचे स्थान दिले. हा पुरावा इथल्या विद्यापीठांच्या अगदी जवळ होता, पण तो पुरावा मानला जात नव्हता. पुराव्यापर्यंतची वाट केवळ कुलपाने अडत नाही, विद्याशाखेच्या प्रतिष्ठेच्या कल्पनांनीही अडते.

आज राज्यशास्त्राच्या संशोधकाकडे साधने बरीच आहेत. १९५१-५२ पासूनचे निवडणूक निकाल उपलब्ध आहेत. सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयांमुळे २००३ पासून उमेदवारांना मालमत्ता, कर्जे, शिक्षण आणि गुन्हेगारी खटले प्रतिज्ञापत्रावर जाहीर करावे लागतात, आणि त्यातून अभ्यासाची एक नवी शाखाच उभी राहिली. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याने फाइलींचा रस्ता उघडला. महाराष्ट्रातील विद्यापीठांत राज्यशास्त्राचे प्रबंध मराठीतूनही सादर होतात. जिल्हा परिषद, सहकारी संस्था, एखाद्या तालुक्यातील चळवळ यांविषयीची कितीतरी मौलिक सामग्री अशा प्रबंधांत पडून आहे. इंग्रजी नियतकालिकांत तिचे उल्लेख जवळपास नसतात. हे नुकसान प्रबंधकाराचे आहेच, पण त्या विषयावर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करणाऱ्या पुढच्या संशोधकाचेही आहे.

वित्तशास्त्र हे स्वतंत्र संशोधनक्षेत्र म्हणून तुलनेने तरुण आहे आणि त्याच्या इतिहासात पीएच.डी.च्या प्रबंधांना असाधारण महत्त्व आहे. १९०० मध्ये पॅरिसमध्ये लुई बाशेलिए याने सट्टेबाजीच्या सिद्धांतावर गणिताचा प्रबंध सादर केला. रोख्यांच्या किमतींची हालचाल यादृच्छिक मानून त्याने तिचे गणित मांडले. परीक्षकांत आन्री प्वांकारे होते. त्यांनी कामाचे कौतुक केले, पण प्रबंधाला सर्वोच्च श्रेणी मिळाली नाही आणि अर्धशतकभर तो विस्मृतीत राहिला. शिकागोत हॅरी मार्कोविट्झ यांनी जोखीम आणि परतावा एकत्र तोलून गुंतवणुकीची निवड कशी करावी हे मांडले, त्यावरचा लेख १९५२ मध्ये आला. प्रबंधाच्या तोंडी परीक्षेत मिल्टन फ्रीडमन यांनी हे अर्थशास्त्र नव्हे असा आक्षेप घेतला होता. १९९० मध्ये याच कामासाठी मार्कोविट्झ यांना अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. युजीन फामा यांचा प्रबंधही शिकागोचाच. डाउ जोन्स निर्देशांकातील ३० शेअरांच्या रोजच्या किमतींवर आधारलेले ते काम १९६५ मध्ये प्रकाशित झाले. शिकागोला हे अग्रस्थान मिळण्यामागे एक साधे कारण आहे. १९६० मध्ये मेरिल लिंच या दलाली पेढीच्या निधीतून तेथे न्यूयॉर्क शेअर बाजाराच्या १९२६ पासूनच्या किमती एकत्र करण्याचे काम सुरू झाले. कंटाळवाण्या आकडेजुळणीचे हे काम झाले नसते तर पुढचे सिद्धांत तपासताच आले नसते.

भारतात असे आकडे हाती येण्याची वेळ नव्वदच्या दशकात आली. मुंबईचा शेअर बाजार १८७५ पासून होता, पण दलालांच्या ओरडण्यावर चालणाऱ्या रिंगणातील व्यवहारांची तपशीलवार नोंद संशोधनाला पुरेशी नव्हती. १९९२ च्या प्रतिभूती घोटाळ्यानंतर सुधारणांना वेग आला. सेबीला त्याच वर्षी वैधानिक अधिकार मिळाले, १९९४ मध्ये राष्ट्रीय शेअर बाजाराचे संगणकीय व्यवहार सुरू झाले आणि प्रत्येक सौद्याची वेळेसह नोंद होऊ लागली. रिझर्व्ह बँकेने १९८७ मध्ये गोरेगावला स्थापन केलेल्या इंदिरा गांधी विकास संशोधन संस्थेत बाजाराच्या सूक्ष्मरचनेवर संशोधन झाले. अहमदाबादच्या आयआयएमने भारतीय बाजारासाठी, शेअरांचा परतावा समजावणाऱ्या फामा-फ्रेंच घटकांची मालिका तयार करून सर्वांना खुली केली. एका विद्यार्थ्याचे महिन्यांचे श्रम वाचवणारी ही सेवा आहे, आणि तिचे मोल प्रकाशित लेखांच्या गणतीत दिसत नाही. गंमत म्हणजे आयआयएमच्या संशोधकांना २०१७ च्या कायद्यापर्यंत पीएच.डी. मिळतच नसे, त्यांना ‘फेलो’ म्हणत.

राज्य विद्यापीठांतील वाणिज्य विभागांची स्थिती वेगळी आहे. कंपन्यांच्या ताळेबंदांसाठी सर्वत्र वापरला जाणारा सीएमआयई या संस्थेचा प्रोव्हेस हा माहितीसंच महाग आहे. तो ज्या ग्रंथालयात नाही तिथला विद्यार्थी प्रश्नावलीकडे वळतो. एका जिल्ह्यातील बँक ग्राहकांचे समाधान, गुंतवणूकदारांची जागरूकता असे विषय पुन्हा पुन्हा येतात, सोयीने निवडलेल्या उत्तरदात्यांवर तेच संख्याशास्त्रीय ठोकताळे लावले जातात. याचा दोष विद्यार्थ्याच्या आळसावर टाकणे अन्यायाचे आहे. ज्याच्याकडे आकडे नाहीत त्याला वित्तशास्त्राचा खरा प्रश्न विचारताच येत नाही.

जैववैद्यकीय अभियांत्रिकीत आकडे विकत घेऊन भागत नाही. तिथे वस्तू घडवावी लागते आणि ती शरीरात टिकते का हे पाहावे लागते. भारतात या क्षेत्राची सुरुवात अभियंता आणि डॉक्टर एका छपराखाली आणण्याच्या प्रयत्नांतून झाली. १९७१ मध्ये आयआयटी दिल्ली आणि एम्स यांनी मिळून जैववैद्यकीय अभियांत्रिकी केंद्र काढले. १९८८ मध्ये आयआयटी मुंबईत या विषयाचे स्वतंत्र स्कूल आले. सर्वांत दूरगामी प्रयोग मात्र तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेत झाला. १९८० मध्ये संसदेच्या कायद्याने राष्ट्रीय महत्त्वाचा दर्जा मिळालेल्या या संस्थेत रुग्णालय आणि तंत्रज्ञान विभाग एकाच संचालकाखाली होते, आणि ते संचालक, एम. एस. वलियाथन, स्वतः हृदयशल्यचिकित्सक होते.

त्यांच्यापुढचा प्रश्न रुग्णालयातूनच आला होता. संधिवाताच्या तापाने हृदयाच्या झडपा निकामी झालेले रुग्ण बहुधा तरुण आणि गरीब असत, आणि आयात केलेली कृत्रिम झडप त्यांच्या आवाक्याबाहेर होती. झडपेपुढची कसोटी कठोर असते. मिनिटाला ७० ठोके धरले तर ती दिवसाला एक लाखाहून अधिक वेळा आणि वर्षाला साडेतीन कोटींहून अधिक वेळा उघडमिट करते. रक्त तिच्यावर गोठता कामा नये आणि धातू झिजता कामा नये. चित्राचे पहिले तीन नमुने फसले. एका नमुन्यात नीलमण्याची चकती वापरली होती, अतिशय कठीण आणि झीज न होणारी. मेंढीच्या हृदयात बसवल्यावर काही महिन्यांनी ती फुटली. अत्यंत कठीण पदार्थ ठिसूळही असतो, हे पुस्तकात लिहिलेलेच होते, पण या विशिष्ट वापरात तो नेमका कुठे तुटेल हे मेंढीनेच सांगितले. चौथ्या नमुन्यात कोबाल्ट-क्रोमियमच्या मिश्रधातूचा सांगाडा आणि अतिउच्च रेणुभाराच्या पॉलिएथिलीनची चकती आली. डिसेंबर १९९० मध्ये ही झडप पहिल्यांदा माणसाच्या हृदयात बसली. पुढे टीटीके समूहाने तिचे उत्पादन केले आणि आजवर एक लाखाहून अधिक झडपा रोपित झाल्या आहेत.

या कामाला दशकाहून अधिक काळ लागला. एका पीएच.डी.च्या मुदतीत त्यातला एखादा तुकडाच बसतो: पदार्थाची झीज, रक्ताशी होणारी प्रतिक्रिया, प्रवाहाचे गणित. तीन फसलेल्या नमुन्यांवर काम करणाऱ्यांचे योगदान यशस्वी नमुन्याइतकेच खरे होते. सहा वर्षांत निष्कर्ष मागणाऱ्या व्यवस्थेत अपयशाचा नीट लिहिलेला प्रबंध स्वीकारण्याची तयारी हवी, आणि ती अजून थोड्याच मार्गदर्शकांत आहे.

अलीकडचे यशही असेच दोन संस्थांच्या जोडीतून आले आहे. रक्ताच्या काही कर्करोगांवर रुग्णाच्याच टी पेशींत जनुकीय बदल करून त्या परत देण्याची कार-टी उपचारपद्धती आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल सेंटर यांनी मिळून विकसित केली. पहिला मानवी प्रयोग २०२१ मध्ये झाला. नेक्सकार१९ या उपचाराला ऑक्टोबर २०२३ मध्ये केंद्रीय औषध नियंत्रकांची मान्यता मिळाली आणि एप्रिल २०२४ मध्ये राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते तो रुग्णांसाठी खुला झाला. परदेशातील किमतीच्या सुमारे एक दशांशात तो मिळतो. आयआयटी मुंबईत २०१४ मध्ये राज्य शासनाच्या राजीव गांधी विज्ञान व तंत्रज्ञान आयोगाच्या साहाय्याने सुरू झालेल्या बेटिक या केंद्राने वैद्यकीय उपकरणांसाठी पुण्याचे सीओईपी आणि नागपूरचे व्हीएनआयटी यांनाही जोडून घेतले. २०१७ च्या वैद्यकीय उपकरण नियमांनंतर प्रयोगशाळेतून बाजारापर्यंतचा रस्ता निदान कागदावर स्पष्ट आहे. त्याआधी अनेक उपकरणे कोणत्याच कायद्यात नीट बसत नव्हती.

तिन्ही क्षेत्रांचे सर्वांत रोचक प्रश्न त्यांच्या सीमांवर उभे आहेत. संदीप सुखटणकर यांनी हार्वर्डच्या पीएच.डी.दरम्यान महाराष्ट्रातील साखर कारखान्यांचा अभ्यास केला, तो २०१२ मध्ये प्रकाशित झाला. निवडणुका लढवणाऱ्या अध्यक्षांच्या कारखान्यांत निवडणुकीच्या वर्षी शेतकऱ्याला मिळणारा उसाचा दर घटतो, असे त्यात दिसले. उत्पादकतेने या घटीचे स्पष्टीकरण होत नव्हते. निवडून आल्यावर काही प्रमाणात भरपाई होत असावी, असेही आकडे सुचवत होते. गावात वर्षानुवर्षे कुजबुजीत सांगितली जाणारी गोष्ट दरांच्या मालिकेतून समोर आली. शॉन कोल यांच्या २००९ च्या अभ्यासात निवडणुकीच्या वर्षी सरकारी बँकांचे शेतीकर्ज पाच ते दहा टक्के बिंदूंनी वाढलेले आढळले, शेती उत्पादन मात्र वाढलेले दिसले नाही. देवेश कपूर आणि मिलन वैष्णव यांनी निवडणुकीच्या सुमारास सिमेंटचा खप का उतरतो याचा माग काढला: बांधकाम व्यावसायिकांचा पैसा त्या काळात प्रचाराकडे वळतो, असा त्यांचा निष्कर्ष आहे.

हृदयातील स्टेंटचा प्रश्न तिन्ही शाखांना एकत्र आणतो. फेब्रुवारी २०१७ मध्ये राष्ट्रीय औषध मूल्य निर्धारण प्राधिकरणाने साध्या धातूच्या स्टेंटची कमाल किंमत ७,२६० रुपये आणि औषधलेपित स्टेंटची २९,६०० रुपये ठरवली. लेपातील औषध किती वेगाने झिरपावे हा अभियंत्याचा प्रश्न आहे. कारखान्यापासून रुग्णापर्यंत नफा कोणत्या टप्प्यावर साचतो आणि किंमत बांधल्यावर नवे संशोधन थांबते का, हे वित्ताने तपासायचे. जनहित याचिकेपासून सुरू झालेला निर्णय उद्योगाच्या विरोधातून कसा टिकला, हे राज्यशास्त्राने. तिघांपैकी कोणाच्याही सल्लागार समितीवर सहसा दुसऱ्या शाखेचा माणूस नसतो, आणि म्हणून असे प्रबंध क्वचितच लिहिले जातात.

संख्येने मात्र संशोधन वाढले आहे. अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणानुसार २०१४-१५ मध्ये पीएच.डी.ला सुमारे १.१७ लाख विद्यार्थी होते, २०२१-२२ मध्ये ते २.१२ लाख झाले. कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती २०२३ पासून महिना ३७,००० रुपये आहे. महाराष्ट्रात बार्टी, सारथी आणि महाज्योती या राज्य शासनाच्या संस्थांच्या अधिछात्रवृत्त्यांमुळे, ज्यांच्या घरात याआधी कोणी महाविद्यालयात गेले नव्हते, असे विद्यार्थी प्रबंधापर्यंत पोहोचले. अधिछात्रवृत्ती वेळेवर न मिळणे हा त्यांच्यासाठी संशोधन सोडण्याचा प्रश्न होतो, म्हणून त्यासाठीची आंदोलने हा शिक्षणाच्या गुणवत्तेचाच भाग समजायला हवा.

प्रबंधापूर्वी शोधनिबंध प्रकाशित करण्याच्या सक्तीने बनावट नियतकालिकांचा बाजार उभा केला होता. विद्यापीठांच्या शिफारशीने आयोगाच्या यादीत आलेल्या हजारभर नियतकालिकांची पुण्यातील अभ्यासकांनी केलेली तपासणी २०१८ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये आली, त्यांतील ८८ टक्क्यांहून अधिक निकृष्ट ठरली. त्यानंतर २०१९ मध्ये पुणे विद्यापीठातील एका केंद्राच्या मदतीने विश्वासार्ह नियतकालिकांची केअर यादी तयार झाली. २०२२ मध्ये प्रकाशनाची सक्ती गेली आणि २०२५ मध्ये केअर यादीही बंद करण्यात आली. आता गुणवत्ता ठरवण्याची जबाबदारी पुन्हा विभागांवर आणि मार्गदर्शकांवर आली आहे, जिथे ती मुळात असायला हवी होती.

पुराव्याच्या वाटा या काळात काही रुंदावल्या, काही अरुंद झाल्या. शोधगंगा या संग्रहामुळे देशभरचे लाखो प्रबंध कोणालाही वाचता येतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निवडणूक रोखे घटनाबाह्य ठरवल्यानंतर देणगीदार आणि पक्षांची माहिती जाहीर झाली, आणि राजकीय वित्ताच्या अभ्यासाला कधी नव्हे इतका थेट पुरावा मिळाला. उलट २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने माहिती अधिकारातील वैयक्तिक माहितीविषयीची तरतूद बदलली. पूर्वी व्यापक जनहितासाठी अशी माहिती देण्याची मुभा त्याच तरतुदीत होती, ती तिथून गेली आहे. रुग्णांच्या माहितीबाबत भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची नैतिक मार्गदर्शक तत्त्वे आणि नीतिसमितीची परवानगी यांची चौकट आहे, आणि प्रत्येक चिकित्सालयीन चाचणीची नोंदणी २००९ पासून सक्तीची आहे. गावात जातीविषयी, मताविषयी प्रश्न विचारणाऱ्या राजकीय पाहणीसाठी अशा समितीची परवानगी बहुतेक विद्यापीठांत अजून मागितलीही जात नाही, जरी उत्तर देणाऱ्याची जोखीम तिथेही खरी असते.